हेक्झॉन एकाचा, फायबर दुसऱ्याचा

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शाळांत डोळ्यांची साथ फिरते. एका पोराचे डोळे आले की आठवड्यात शेजारचे बाक रिकामे. प्रत्येक साथ अडिनोव्हायरसची नसते. कॉक्सॅकी ए२४ आणि एंटरोव्हायरस ७० यांनीही डोळे येतात. पण लाली गेल्यावर बुबुळावर पांढरट ठिपके उरले आणि महिनोन्महिने अंधुक दिसत राहिलं, तर पहिला संशय अडिनोव्हायरसच्या डी प्रजातीवर घ्यावा: टाइप ८, ३७, ५३, ५४, ६४.

हा दुपदरी डीएनएचा विषाणू. टाइप ५ चा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, ३५,९३८ अक्षरांचा आहे. नक्कल करणारं पॉलिमरेज तो स्वतःचं बाळगतो आणि ते चुका तपासत जातं, म्हणून फ्लूसारखी अक्षरं भराभर बदलत नाहीत. तरीही ए ते जी या सात प्रजातींत शंभरावर टाइप झाले, ते मुख्यतः अदलाबदलीतून. एकाच पेशीत दोन टाइप शिरले की नक्कल होताना तुकडे इकडचे तिकडे होतात. पेंटॉन, हेक्झॉन आणि फायबर ही विषाणूच्या कवचाची तीन प्रथिनं. टाइप ५३ चा पेंटॉन ३७ चा, हेक्झॉन २२ चा, फायबर ८ चा.

म्हणून फक्त हेक्झॉनच्या जीनचा पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखणारी चाचणी) करून टाइप लिहिणं मला पटत नाही. ५३ ला ती चाचणी '२२' म्हणेल. टाइप ५५ चं तर तसंच झालं. हेक्झॉन ११ सारखा, म्हणून त्याला वर्षानुवर्षं '११ए' म्हटलं गेलं. ११ मूत्राशयाला त्रास देतो, हा मात्र न्यूमोनिया करतो, कारण बाकीचा जवळजवळ सगळा जीनोम १४ चा आहे. हेक्झॉनच्या बाहेरच्या वळ्यांवर अँटिबॉडी बसतात. विषाणू कोणत्या पेशीला चिकटेल हे बरंचसं फायबर ठरवतो. किमान पेंटॉन, हेक्झॉन, फायबर या तिन्हींचे जीन वाचावेत. पूर्ण जीनोम मिळाला तर उत्तम. ५२ पासूनचे टाइप जीनोमवरूनच ठरलेत.

यात फसगत कुठे होते? एकाच स्वॅबमध्ये (डोळ्यातून बोळ्याने घेतलेल्या नमुन्यात) दोन टाइप असले तर सॉफ्टवेअर दोघांचे तुकडे जोडून नसलेला संकर उभा करतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना रीडची खोली, म्हणजे तो भाग यंत्राने किती वेळा वाचला ती संख्या, अचानक बदलते का ते बघावं, आणि जोडावरून आरपार पीसीआर करून खात्री करावी. पेशींत वाढवून मग वाचलं तर जोमाने वाढणारा टाइप दुसऱ्याला झाकून टाकतो. थेट स्वॅबमधूनही वाचावं. जुलाबाचे ४० आणि ४१ साध्या पेशींत नीट वाढतच नाहीत, त्यांना '२९३' नावाच्या प्रयोगशाळेतल्या खास पेशी लागतात.

स्वॅब लाकडी काडीचा किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा नको, पीसीआर अडतो. पहिल्या आठवड्यातच घ्यावा, व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून नेण्याच्या द्रावणात) बुडवून २ ते ८ अंशांत पाठवावा. खानापूरहून बेळगावला पाठवायला थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या पुरतात.

या विषाणूला चरबीचं आवरण नाही, त्यामुळे स्पिरिटच्या बोळ्यावर भिस्त ठेवू नये. डोळ्यांचा दाब मोजणाऱ्या यंत्राचं टोक १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी अशा द्रावणात ५ ते १० मिनिटं ठेवावं. द्रावण रोज ताजं करावं. बाहेर काढल्यावर टोक पाण्याने भरपूर धुऊन, कोरडं करूनच पुढच्या पेशंटला लावावं. ब्लीच राहिलं तर बुबुळ भाजतं.