मला विचारा

रविवार, रात्री सव्वाअकरा

अण्णांच्या प्रेसचा सर्व्हर जुन्या डब्यावरून नव्यावर हलवला. 1.4 टीबी, सहा लाखांवर फाइली, सगळ्या आल्या. जुन्या-नव्याचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले आकडे, रात्रभर ताडून बघितले, एकही फाइल वेगळी निघाली नाही. अण्णा म्हणाले, "झालं? बरं." उद्या सकाळी पोरं येतील, संगणक चालू करतील, झेड ड्राइव्ह उघडतील आणि कुणाला काही कळणारसुद्धा नाही. असंच व्हायला पाहिजे. कळलं तर काहीतरी चुकलं म्हणायचं.

तरी डोक्यात किडा वळवळतोय. कारण सांगायला गेलो तर घरात हसतील. क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली, एक ओळ.

प्राजू दुपारी जुन्या डब्यावरची क्रॉनची यादी घेऊन बसली होती. तिच्या तक्त्यात तीन रकाने: काय, कुठं, का. ओळी सात. सहांची कारणं मी मान वर न करता सांगितली. सातवी ओळ दर पाच मिनिटांनी एका फाइलला 'टच' करते. म्हणजे त्यात लिहीत नाही, तिच्यावरचा वेळेचा शिक्का तेवढा ताजा करते. फाइल शून्य बाइटची. नाव इंग्रजी अक्षरांत 'जागा'. आणि ओळीच्या वर माझाच शेरा:

'काढू नये. मला विचारा.'

"सर, हे का आहे?"

मी म्हटलं, बघतो.

बघतो कसलं. काही म्हणजे काही आठवेना. जागा म्हणजे डिस्कवरची जागा असणार, असं आधी वाटलं. दिवाळी अंकांच्या दिवसांत डिस्क भरायची, तेव्हा मी काहीतरी पहारा बसवला असणार. पण शून्य बाइटच्या फाइलनं कसला पहारा होतो? प्राजूनं सुचवलं, "अण्णांच्या नव्या जागेचं काही असेल का?" ती चेष्टा करत नव्हती, हेच जास्त लागलं.

'मला विचारा' असं लिहिताना मी कोण समजत होतो स्वतःला? आणि आता विचारलंय तर.

तिनं 'का'चा रकाना मोकळा ठेवला आणि पुढं गेली. समजूतदार पोरगी आहे. "असू दे सर, होतं," म्हणाली. होतं. डॉक्टरही असंच म्हणतात.

तसं कालच एकदा नाक कापून झालं होतं. शुक्रवारी रात्री कॉपी लावून गेलो, शनिवारी सकाळी बघतो तर सेकंदाला अकरा एमबी. या चालीनं पस्तीस तास. दोन्ही टोकांना गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, स्विच गिगाबिट, तरी जोडणी शंभरावर. निघाली केबल. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. आणि एका जोडीची तार कनेक्टरमध्ये नीट बसलेलीच नव्हती. ती केबल 2013 साली मीच क्रिंप केली होती, पोटमाळ्यावर, तोंडात बॅटरी धरून. म्हणजे बारा वर्षं अख्खी प्रेस माझ्या एका तारेपायी दहापट हळू चालली. आणि एकानंही तक्रार केली नाही! 'सर्व्हर आहे, वेळ लागणारच' असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही. दहा रुपयांचा कनेक्टर बदलला आणि रात्रीपर्यंत काम आटोपलं.

पण त्याचं एवढं नाही वाटलं. केबल चुकली, दिसली, बदलली. ही ओळ चुकलेली नाही. ती बरोबर चालतेय, मीच लिहिलीय, आणि कशासाठी ते मला ठाऊक नाही.

हा डबा माझाच होता, असं म्हणायची सोय आहे का? पैसे अण्णांचे. पण राजारामपुरीतून एकेक भाग आणून जोडला मी, डेबियन लिनक्स चढवलं मी, दोन डिस्का आरशासारख्या जोडल्या मी. एक डिस्क मध्ये बदलली. आत्ताच्या एकीनं 93 हजार तास भरलेत, म्हणजे साडेदहा वर्षं, आणि खराब सेक्टर शून्य. डेबियन 7 चे अपडेट 2018 लाच बंद झाले. त्यानंतर मी काय करत होतो, हे प्राजूनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की चालत होतं. माझ्याकडं याशिवाय दुसरं उत्तर नव्हतंच.

विंडोज एक्सपीचं गाऱ्हाणं वेगळंच. अण्णांचा तो पेजमेकरवाला संगणक फाइली मागायच्या एसएमबी भाषेच्या पहिल्याच आवृत्तीत बोलतो, आणि नव्या सर्व्हरवर फाइली वाटणारा सांबा ती भाषा आपण होऊन ऐकत नाही. 2017 च्या वॉनाक्राय व्हायरसनंतर ऐकूही नये. प्राजूनं ठाम 'नाही' म्हटलं. म्हणजे श्रीलिपी फाँटातल्या वीस वर्षांच्या फाइली उद्यापासून पेन ड्राइव्हवर ये-जा करणार. अण्णा काय म्हणाले ते लिहीत नाही.

मूळ मुद्दा तो नव्हेच. बारा वर्षांत त्या ओळीबद्दल मला कुणी विचारलं नाही. एकदा कुणीतरी विचारायला हवं होतं. 2017 ला, 2018 ला, जेव्हा मला माहीत होतं. तेव्हा मी खुर्ची मागं टेकवून छान सांगितलं असतं. आता विचारलं, तर आत कुणी नाही.

एवढं लिहून झोपतो.

साडेबारा

झोप नाही. हे लिहायला परत उठलो.

दिवा घालवून पडलो होतो. बाजूनं आवाज आला, "अहो, जागे आहात का अजून?"

मी म्हटलं, "जागा आहे."

आणि स्वतःचंच बोलणं ऐकून उठून बसलो.

जागा म्हणजे *जागा*! झोपलेला नव्हे तो! ती यूएसबीची बाहेरची डिस्क, 2016 ची, बॅकअपची. दहा मिनिटं काम नसलं की झोपायची, आणि रात्री दोनला बॅकअप सुरू झाला की उठायला इतका वेळ घ्यायची की बॅकअप तोंडावर आपटायचा. चार-पाच रात्री गेल्या होत्या त्यात. मग वैतागून ही ओळ टाकली. दर पाच मिनिटांनी जाऊन तिला कोपरानं ढोसायचं. उठ, जागा आहेस ना? नावसुद्धा मी मोठ्या खुशीत ठेवलं असणार, आणि एकट्यानंच हसलो असणार.

इतका आनंद झाला की घरात सांगितलं. "बरं, झोपा आता," असं उत्तर आलं. अण्णांची सख्खी बहीण शोभते.

मग दिवा घालवल्यावर दुसरं आठवलं. ती डिस्क आता सर्व्हरला नाहीच. ती कधी काढली?

सोमवार, संध्याकाळी

आज कुणाला काही कळलं नाही. एकजण म्हणाला, "आज नेट फास्ट आहे." नेटचा काय संबंध! पण मी हो म्हटलं.

जुना डबा अजून पोटमाळ्यावर चालूच ठेवला होता. आठवडाभर ठेवावा असं अण्णांचं म्हणणं, "राहू दे की, खातंय काय ते?" खातो. दिवसाला दीड युनिट तरी.

वर जाऊन बघितलं. ती डिस्क जिथं जोडली जायची तो फोल्डर रिकामा असायला हवा. नव्हता. त्यात एक फाइल. डिस्क जागेवर नाही, तर ओळ बापडी तिच्या दारातच फाइल करून तिलाच हात लावत बसलेली. फाइलवरची वेळ सकाळी 10:35. मी तिथं पोचलो 10:37 ला. फाइलची वेळ दर पाच मिनिटांनी बदलते, त्यावरून काही कळत नाही. पण फोल्डरची स्वतःची वेळ त्यात काही नवं आलं किंवा गेलं तरच बदलते. ती होती 19 ऑगस्ट 2019.

पंचगंगेचं पाणी. शाहूपुरीत गुडघ्याच्या वर येईपर्यंत आम्ही कागदाची रिमं वर टाकत होतो, आणि मी सर्व्हरच्या वायरी उपसून तो पोटमाळ्यावर चढवला. बाहेरची डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत घातली आणि घरी नेली. पाणी ओसरलं, चिखल काढला, वीज आली, 19 तारखेला डबा पहिल्याच बटणाला सुरू झाला. त्या गडबडीत डिस्क परत आलीच नाही. मग नवी घेतली. ती झोपत नाही. जुनीचं काय झालं म्हणून मी अण्णांना तेव्हा काय सांगितलं होतं, ते राहू दे. डिस्क कुठं आहे हे मला ठाऊक आहे.

दिवसाला 288 वेळा. पायऱ्यांवर बसून मोबाइलवर गुणाकार केला. साडेसहा लाखांच्या आसपास. सहा वर्षं साडेसहा लाख वेळा रिकाम्या खोलीत डोकावून हा विचारतोय, जागा आहेस ना? आणि मी काल रात्री मला कुणी विचारत नाही म्हणून गळा काढत होतो. हसू आलं. पायरीवर एकटाच हसताना प्राजूनं बघितलं, पण ती काही बोलली नाही.

डबा अण्णांना न विचारता बंद केला. 10:50 चा हात लावून झाला होता, 10:55 ची वाट बघितली नाही. पंखे थांबल्यावर पोटमाळ्यावर छपाईचा आवाज खालून किती येतो ते पहिल्यांदा कळलं.

खाली येऊन तक्ता मागितला. सातव्या ओळीपुढं 'का'च्या रकान्यात लिहिलं: झोपू नये म्हणून.

प्राजूनं वाचलं. "कुणी, सर?"