शेडनेटच्या धाग्यात काय मिसळलेले असते?

जालना परिसरात बियाणे उत्पादनासाठी उभारलेल्या शेडनेटची, म्हणजे पिकावर सावली धरणाऱ्या जाळीची, जुनी हिरवी पट्टी हातात चुरगळली, तर कधीकधी तिचा अक्षरशः भुगा होतो. तेवढेच ऊन सोसलेली काळी जाळी मात्र ओढूनही तुटत नाही. दोन्हींचे मूळ द्रव्य पॉलिथिलीनच असते. फरक पडतो तो प्लास्टिकचे दाणे वितळवून तंतू ओढताना त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे.

काळ्या जाळीत साधारण 2 ते 3 टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक काळी भुकटी) असले, की अतिनील किरण त्यातच शोषले जातात. हिरव्या जाळीत ही सोय नसल्याने ‘हाल्स’ या अमाईन वर्गातील स्थिरकांचा आधार घ्यावा लागतो. ती किरण अडवत नाहीत, तर उन्हामुळे निर्माण झालेले मुक्त मूलक (रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे) निष्प्रभ करून रेणूंच्या साखळ्या तुटणे लांबवतात. मात्र भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधकाची फवारणी वारंवार झाली, तर हीच स्थिरके निकामी होऊ लागतात. जाळी विकताना ही गोष्ट आवर्जून सांगितली जायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रसायनांची मात्रा वाढवली की गुण वाढतो, असेही नाही. त्यांचे कण नीट विखुरले नाहीत, तर वितळलेल्या रसाची गाळणी तुंबते आणि तंतू ओढतानाच तुटतो. कपड्यांच्या पॉलिस्टरमध्ये चकाकी कमी करण्यासाठी सुमारे 0.3 टक्के टिटॅनियम डायऑक्साइड घालतात; तेच द्रव्य, विशेषतः कणांवर लेप नसलेले त्याचे ‘अनाटेज’ हे स्फटिकरूप, उन्हात तंतूची झीज उलट वाढवू शकते.