लिलावातून लेथ घेतला, त्याची गोष्ट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग, बोअरिंग आणि पंपांच्या शाफ्टची दुरुस्ती ही रोजची कामं. शॉप माझ्या हाती आलं तेव्हा मोठा लेथ, म्हणजे जॉब फिरता ठेवून तासणारं मशीन, पार झिजला होता. हातभर लांब शाफ्ट घेतला की टेपर यायचा, म्हणजे एक टोक जाड आणि दुसरं बारीक, आणि आमचे मिस्त्री तो पॉलिश पेपरनं काढत बसायचे. नवीन मशीन घेण्याइतकं भांडवल नव्हतं. जुन्या मशीनचे व्यापारी रंग मारून चकाचक केलेले लेथ दाखवायचे, पण रंगाच्या आत काय आहे हे कळायला मार्ग नसायचा. अशात एके दिवशी पेपरमध्ये बँकेची लिलावाची जाहीर नोटीस दिसली. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं, राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली लागत नाही ती, बाजारभावाच्या जवळपास निम्मी. तिथून पुढे दीड वर्षात मी तीन लिलावांत उतरले. पहिल्यात चांगलीच पोळले, दुसरा सोडून दिला आणि तिसऱ्यात आज शॉपमध्ये चालतोय तो लेथ मिळाला.

पहिला लिलाव रेडियल ड्रिलचा होता, म्हणजे आडव्या आर्मवर बसवलेल्या मोठ्या ड्रिल मशीनचा. पाहणीच्या दिवशी मी एकटीच गेले. शेडमध्ये अंधार, वीज तोडलेली. मोबाइलच्या उजेडात मशीन बघितलं, मोठं आणि दणकट वाटलं, आणि पंधरा मिनिटांत बाहेर आले. एकही फोटो काढला नाही. बोली १,१०,०००ला माझ्या नावावर पडली तेव्हा फार आनंद झाला होता.

ताबा घ्यायला गेलो तर ड्रिलची मुख्य मोटर जागेवर नव्हती. आर्म वरखाली करणारी मोटरही गायब. चार बोल्ट आणि कापलेल्या वायरी तेवढ्या लोंबत होत्या. अधिकाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी नोटिशीतल्या ओळीवर बोट ठेवलं : ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री. पाहणीच्या दिवशी मोटर होती की नव्हती, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. आधीच नसेल तर चूक माझी होती. मधल्या काळात गेली असेल तर माझ्याकडे पुरावा नव्हता. दोन्हीकडून मीच अडकले.

तेवढ्यावर भागलं नाही. शेड भाड्याची होती. मालकाचं कित्येक महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि ते मिळाल्याशिवाय मशीन गेटबाहेर जाऊ देणार नाही म्हणून तो अडून बसला. इकडे बँकेची उचल करण्याची मुदत संपत आलेली, त्यानंतर दिवसाला जागाभाडं लागणार होतं. शेवटी ८,००० रुपये देऊन सुटका करून घेतली. दोन मोटरी आणि वायरिंगला ३१,०००, हायड्रा क्रेन आणि ट्रकला १५,००० गेले. म्हणजे १,६४,०००. तसंच चालू स्थितीतलं ड्रिल व्यापारी १,६०,०००ला द्यायला तयार होता. वर बिलावर १८ टक्के जीएसटी, १९,८०० रुपये. तो पुढे क्रेडिटमध्ये मिळाला, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून वळता झाला, पण त्या आठवड्यात रोख उभी करताना माझी तारांबळ उडाली, कारण बोलीची रक्कम म्हणजेच सगळी किंमत असं मी धरून चालले होते.

मिस्त्री बाबांच्या वेळचे, पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. ते काही बोलले नाहीत. आठवड्यानं चहा पिताना म्हणाले, “ताई, फुडच्या येळंला मला संगं घिऊन चला. बोली तुम्ही लावा, मशीन मी बघतो.” बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तेव्हापासून मी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला शिकले. ‘सरफेसी’ कायदा २००२ साली आला, त्याखाली बँका तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेऊन विकतात. विक्री करणारा तो प्राधिकृत अधिकारी, त्याचं नाव आणि फोन नोटिशीत असतो. आपण भरायची ती बयाणा रक्कम, बहुतेक वेळा राखीव किमतीच्या १० टक्के. ती कधीपर्यंत आणि कोणत्या खात्यात भरायची, बोली किती रुपयांच्या टप्प्यानं वाढते, बाकीचे पैसे किती दिवसांत द्यायचे, मुदत चुकली तर बयाणा जप्त होतो का, हे सगळं त्यात असतं. सरकारी बँकांचे लिलाव आता बँकनेट पोर्टलवर दिसतात. सरकारी खात्यांचं आणि कंपन्यांचं जुनं सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर निघतं. नोंदणी, केवायसी, कागदपत्रं हे आधीच उरकून ठेवावं, लिलावाच्या आदल्या रात्री करायला घेतलं की हमखास काहीतरी अडतं. लॉटवर ‘भंगार’ असा शिक्का असेल तर टीसीएसचंही, म्हणजे विकणारा बिलातच वसूल करतो त्या कराचंही, आधी विचारून घ्यावं.

पहिल्यांदा नाव नोंदवल्यावर मला एक फोन आला होता. “मॅडम, राखीव किमतीतच लॉट काढून देतो, आधी दहा हजार पाठवा.” माणूस बँकेचं नाव घेऊन इतकं सराईत बोलत होता की क्षणभर खरंच वाटलं. मी प्राधिकृत अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं. असा कुणी मध्यस्थ नेमलेला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नोटिशीत छापलेल्या खात्याशिवाय कुठेही एक रुपया भरू नका.

दुसऱ्या लिलावाचं फार सांगण्यासारखं नाही. लेथच होता, मशीन चांगलं होतं. मी कागदावर आकडा लिहून ठेवला होता आणि बोली त्याच्या वर गेली. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अर्ध्या तासाचा खेळ दोन तास चालला. दर वेळी वाटायचं, अजून पाचच हजार. मी थांबले. बयाणा परत आला. दोन दिवस मन खट्टू होतं.

तिसऱ्या नोटिशीत एचएमटीचा एनएच २२ लेथ होता. ज्यांनी लेथवर काम केलंय त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. राखीव किंमत २,२५,०००, बयाणा २२,५००. या वेळी पाहणीला आम्ही पिशवी भरून नेली : बॅटरी, डायल गेज, फिलर गेज, स्पॅनर, रॉकेलचा बोळा, खडू आणि एक लाकडी दांडका. बँकेच्या माणसासमोर सील उघडलं. दोन तास मिळाले.

हेडस्टॉकवर, म्हणजे गिअर असलेल्या लेथच्या डोक्यावर, वाळलेल्या हळदीकुंकवाची बोटं होती आणि एक फिकट स्वस्तिक, कुठल्यातरी खंडेनवमीला काढलेलं. मिस्त्रींनी आधी मशीनला हात लावून नमस्कार केला. कुणाचं तरी पोट या मशीनवर चाललं होतं, हे ते विसरत नाहीत. मीही केला.

वीज नव्हतीच. मग सगळं हातानं. जॉब पकडणाऱ्या चकच्या खाली दांडका घालून त्यांनी तो वर उचलायचा प्रयत्न केला आणि मला डायलवर नजर ठेवायला सांगितली. काटा किंचित हलला आणि जागेवर आला, म्हणजे चक फिरवणाऱ्या स्पिंडलची बेअरिंग शाबूत. चक हातानं फिरवत कान लावून ऐकलं. हेडस्टॉकचं झाकण उघडायला लावलं आणि बॅटरी मारून एकेक गिअर फिरवत सगळे दात बघितले. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवलं तर जवळजवळ पाव फेरी रिकामी जात होती. “नट गेलाय, पण नट काय, ब्राँझचा करून घेता येतो,” मिस्त्री म्हणाले.

खरी परीक्षा बेडची, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लांब पायाची. लेथचं निम्मं आयुष्य चकजवळच्या दोन फुटांत जातं, बहुतेक जॉब तिथेच होतात, म्हणून बेड तिथे झिजतो आणि शेपटाकडे जवळपास कोरा राहतो. वरवर बघून हे कळत नाही. मिस्त्रींनी बोळ्यानं बेड पुसला, हत्यार घेऊन बेडवर सरकणारा सॅडल चकजवळ आणला, त्याच्या मागच्या पट्टीचे स्क्रू आवळत आवळत सगळा खेळ काढून टाकला आणि मग हातचाक फिरवत सॅडल दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्यायला सुरुवात केली. दीड फूट गेला आणि घट्ट झाला. पुढे जाईना. जिथे अडकला तिथे त्यांनी खडूची रेघ मारली. “इथनं म्होरं बेड कोरा हाय. अलीकडं झिजलाय.” ग्राइंडिंग करावं लागणार हे नक्की झालं, आणि तो खर्च किती हे आम्हाला बोलीच्या आधी माहीत झालं.

मी तोवर फोटो काढत होते. मोटरची पाटी, चक, टूलपोस्ट, पॅनेलच्या आतली बाजू, प्रत्येक गोष्ट, एक मोठा व्हिडिओही. बँकेच्या माणसालाही त्यात घेतलं. तसं करताना एक घोळ सापडला. शेडमध्ये लेथ दोन होते, आणि नोटिशीत आमच्या लॉटपुढे दुसऱ्याच लेथचा सिरीयल नंबर छापला होता. मी तिथूनच अधिकाऱ्यांना ईमेल केला, फोटोसकट, आणि शुद्धिपत्रक आल्यावरच बयाणा भरला. लॉटमध्ये स्टेडी (लांब शाफ्टला मधे आधार देणारा भाग) नाही, हेही त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवलं. जाता जाता शेडच्या मालकाला भेटून आले. भाडं थकलंय का, मशीन काढू देणार का, हे समोरासमोर विचारलं, आणि ताब्याच्या दिवशी मशीन अडवलं जाणार नाही असं पत्र बँकेकडून मागून घेतलं.

रात्री दोघांनी बसून उलटा हिशेब केला. दुरुस्त केलेला असाच लेथ व्यापाऱ्याकडे ४,५०,०००ला होता. त्यातून बेडचं ग्राइंडिंग आणि स्क्रॅपिंग ७०,०००, मोटर आणि पॅनेल २५,०००, चक २०,०००, दोन्हीकडची हायड्रा आणि ट्रक २४,०००, किरकोळ १५,००० वजा केले. न दिसलेल्या दुखण्यांसाठी ३०,००० वेगळे काढले. राहिले २,६६,०००. टप्पा ५,०००चा, म्हणून २,६५,००० हा आकडा मी कागदावर लिहिला आणि तो कागद स्क्रीनला चिकटवला.

बोली २,५०,०००ला माझ्यावर थांबली.

लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी बयाण्यासह २५ टक्के म्हणजे ६२,५०० पूर्ण केले, उरलेले पंधरा दिवसांत, वर ४५,००० जीएसटी. पैसे भरले म्हणजे मशीन आपलं झालं असं नाही. विक्री प्रमाणपत्र, जीएसटीचं बिल आणि गेटपास हे तिन्ही हातात असल्याशिवाय ट्रक बोलवू नका. बिलावर आपला जीएसटी नंबर बरोबर आहे का ते तिथेच बघा, नाहीतर क्रेडिट अडकतं. राज्यातल्या राज्यात नेतानाही १ लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं.

उचलताना मिस्त्रींनी हायड्रावाल्याला थांबवलं. सॅडल आणि टेलस्टॉक आधी शेवटच्या टोकाला सरकवून आवळले, कारण हेडस्टॉकचं वजन जास्त, मशीन त्या बाजूला कलतं. पट्टा बेडलगतच्या लांब लीड स्क्रूवर येऊ नये म्हणून बेडखाली लाकडाचे ठोकळे घातले. बेडला ग्रीसचा जाड थर आणि वर ताडपत्री. वाटेत पावसाची सर आलीच, पण बेडवर गंजाचा ठिपका नव्हता.

दुरुस्ती अंदाजापेक्षा थोडी वर गेली, ग्राइंडिंगला ७८,००० लागले, पण चक साफ करून तोच वापरता आला. सगळं मिळून ४,११,०००. लेव्हल करून बसवल्यावर मिस्त्रींनी २०० मिमीचा तुकडा टर्न केला, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे दिला. फरक ०.०१ मिमी.

स्टेडी मात्र बाजारात कुठे जुळेना. शेवटी मिस्त्रींनी लाकडी पॅटर्न करून घेतला, ओळखीच्या फाउंड्रीतून बीडाचं कास्टिंग ओतून आणलं, तळ शेपर मशीनवर सपाट काढून घेतला आणि बोअर याच लेथवर केला. गेल्या महिन्यात साखर कारखान्याच्या पंपाचा सहा फुटी शाफ्ट त्या स्टेडीवर झाला.