आमची वाटचाल : पायाने चालणारं ट्रेडल आणि 2019 चं पाणी

वडिलांनी 1968 साली सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या बोळात छापखाना घातला. भांडवल म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, चौदा केसेस (खणांच्या लाकडी पेट्या) आणि खिळे जुळवणारे जुळारी म्हणून आलेले मामा. मामा नात्याचे नव्हते. पहिली दोन वर्षं त्यांनी ठरलेला पगार पूर्ण कधी घेतला नाही, म्हणून वडील त्यांना शेवटपर्यंत भागीदारच म्हणत. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून, केसकडे न बघता ते उजव्या हाताने खिळा उचलायचे. खिळ्यावरची खाच वरच्या अंगाला आली की अक्षर सुलटं, इतकाच हिशेब. डिग्रीच्या, म्हणजे अक्षर तुकड्यांनी जुळवायच्या, टाइपात वरची मात्रा वेगळ्या खिळ्याने बसते. ती निसटली की देणगीदाराचं आडनावच बदलतं. मामांच्या हातून असं आडनाव बदललेलं मला आठवत नाही.

मराठी नाटक 1843 साली ज्या गावात उभं राहिलं, तिथे छापखान्याला काम कमी नव्हतं. नाटकाची हँडबिलं, कुस्ती मैदानाची पोस्टरं, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, दुखवट्याची पत्रं. पण आमचं खरं काम गणेश मंडळांचं. आषाढ सरला की पावती पुस्तकं आणि विसर्जनानंतर जमाखर्चाचे अहवाल. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी दाखवल्याशिवाय वर्गणीची पावती छापायची नाही, हा वडिलांचा नियम मीही मोडला नाही. त्यापायी काही मंडळं दुरावली. मधल्या काळात ऑफसेट आलं, संगणक आला, त्यावर मराठी जुळवायची श्रीलिपी आली, दुकान चाललं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते एका मुलाबद्दल. दहावी झाल्यावर आमच्याकडे आला. कटिंग मशीन, परफोरेशन (पावती फाडायच्या रेघेची भोकं), नंबरिंग, सगळं त्याला मी हाताला धरून शिकवलं. पुढे त्याने फ्लेक्सचं दुकान घातलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येकाने आपलं पोट बघावं. पण जाताना आमच्या वहीतली मंडळांच्या अध्यक्षांची नावं-पत्ते त्याने उतरवून नेले. बघता बघता चौकाचौकात वाढदिवसाचे आणि शुभेच्छांचे फ्लेक्स लागले, वीस वीस चेहऱ्यांचे. सिग्नल झाकला जातो, रस्त्याचं वळण दिसत नाही. निवडणुकीच्या साध्या पत्रकावर आम्हाला मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता छापावा लागतो, कायदाच आहे. चौकातल्या फलकाखाली मात्र छापणाऱ्याचं नाव क्वचितच दिसतं. मंडळांचे पैसे तिकडे वळले आणि जमाखर्चाचा अहवाल आठ पानांवरून चारवर आला, काहींचा बंदच झाला. ही माझी खरी खंत आहे, धंदा कमी झाल्याची नव्हे.

आणि मग 2019 चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे सांगलीत पोरंही सांगतात. 2005 च्या महापुरात पाणी जिथवर आलं होतं, त्याच्या वीतभर वर आम्ही सगळ्या फळ्या मारून घेतल्या होत्या. आम्ही निर्धास्त होतो. या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या फळ्यांच्याही कितीतरी वर. विश्रामबागला पाहुण्यांकडे बसून मी रोज आकडा ऐकत होतो आणि मनात एकेक फळी बुडताना बघत होतो.

पाणी ओसरल्यावर शटर वर जाईना. आत कागदाची रिमं फुगून रॅकच्या पट्ट्या तुटल्या होत्या. केसेसचं लाकूड फुगून खण अडकलेले, ते पहारीने फोडले, तर आत खिळे आणि गाळ एक झालेला. पोस्टरची लाकडी अक्षरं वाकली होती. ऑफसेटची मोटर आणि पॅनेल गेलं. बावीस मंडळांची पावती पुस्तकं नंबर घालून पिन मारायची राहिली होती, त्यांचा लगदा झाला. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती.

विमा होता. पाहणीला आलेल्या माणसाने खिळ्यांच्या ढिगाकडे बघितलं आणि शिशाचा किलोचा भाव विचारला. ट्रेडलपुढे त्याने ‘भंगार’ असं लिहिलं. एजंटाला दिलेल्या माझ्या यादीत केसेस एकेक लिहिलेल्या होत्या, पण पॉलिसीत ती यादी चढलीच नव्हती. मिळाले ते पैसे नुसत्या कागदालाही पुरले नाहीत. तेव्हापासून भेटेल त्या दुकानदाराला मी सांगतो, पॉलिसीचा कागद हातात घेऊन प्रत्येक यंत्राचं नाव त्यात आहे का ते स्वतः वाचा. तोंडी आश्वासनावर राहू नका. कागद जमिनीला लावून ठेवू नका. नदी मागचा आकडा पाळत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने मंडळांना फोन लावले. ‘तो छापखाना आता संपला, पावत्या माझ्याकडून घ्या.’ चार मंडळांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. पुराच्या गाळात उभा राहून मी ते ऐकलं आणि ते आजही मला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. एका मंडळाचे खजिनदार, वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक, चाळीस वर्षांत एकदाही उधारी ठेवली नाही. बरोबर बादल्या घेऊन दहा पोरं. म्हणाले, “यंदा देखावा नाही. वर्गणी पूरग्रस्तांना द्यायची ठरली. पण पावती नसेल तर लोकांपुढे हात कसा पसरू? तुझ्याकडचीच पाहिजे.”

“अण्णा, वीज नाही, मशीन बंद आहे. पावती छापू कशावर?”

“ते पायाने चालतं ना?” त्यांनी ट्रेडलकडे बोट दाखवलं.

पोरांनी गाळ काढला. ट्रेडल रॉकेलने धुतलं. शाईचे रूळ कामातून गेले होते, ते मिरजेच्या एका छापखान्याने उसने दिले, कागदही तिथूनच आला. खिळे चाळणीत धुऊन परातीत ओतले आणि आमची बायको नि शेजारच्या वहिनी तांदूळ निवडावेत तसे ते निवडत बसल्या. मामा तेव्हा ऐंशीच्या पुढचे, नजर पार गेलेली. नातवाच्या आधाराने आले, खुर्चीवर बसले आणि एकेक खिळा बोटाने चाचपून सांगायला लागले. हा ‘ग’, हा ‘श्री’, हा काना. दीड दिवसात पावतीचा मजकूर उभा राहिला. पाळीपाळीने पाय मारला. नंबरिंग मशीनची चाकं गंजून धरली होती, म्हणून पाच हजार पावत्यांवर आकडे हाताने घातले, अण्णांच्या पोरांनीच. 26 ऑगस्टला पन्नास पुस्तकं त्यांच्या हातात दिली.

त्या वर्षीचा त्या मंडळाचा जमाखर्चही त्याच ट्रेडलवर छापला, दोन पानांचा. कुणाला किती धान्य, किती चादरी, बाकी शिल्लक किती. तो मी काच लावून भिंतीवर टांगला आहे, 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा कागद आधीच माळ्यावर गेला होता आणि ट्रेडल चौथऱ्यावर.

मामा गेले. अण्णा आता घराबाहेर पडत नाहीत, त्यांचा मुलगा खजिनदार आहे. परवा तो म्हणाला, काका, अहवाल मोबाईलवर पाठवला तर चालेल का? मी म्हटलं, जरूर पाठव, पण शंभर प्रती छाप आणि त्यातली एक देवळात, एक वाचनालयात ठेव. मोबाईलवरचा आकडा कुणी पुन्हा उघडून बघत नाही. त्याने शंभराची ऑर्डर दिली.

पावती पुस्तकांचा मजकूर आणि परवानगीची प्रत आषाढी झाली की आणून द्या. श्रावण लागल्यावर येणाऱ्यालाही मी परत पाठवत नाही, पण मग नंबर घालायला त्या मंडळाची दोन पोरं रात्री बसायला लागतील.