फिका पडलेला जांभळा

पेशी वाढवायची ९६ छोट्या खळग्यांची प्लेट उजेडाला धरली आणि आनंदानं ओरडावंसं वाटलं. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचा रंग जांभळा करतात. माझ्या प्लेटमध्ये डोस वाढेल तसा जांभळा फिका होत गेला होता. पेशी एमसीएफ-७, स्तनाच्या कॅन्सरच्या. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या. त्या बाई केव्हाच गेल्या. त्यांच्या पेशी इथं कोल्हापुरात, आमच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर अजून वाढतात. वर घातलं होतं इंडोल-३-कार्बिनॉल, कोबी-फ्लॉवर चिरल्यावर तयार होणारं.

काचसामान धुणाऱ्या मावशी मागं उभ्या होत्या. "म्याडम, हे कोबीनं मेलं व्हय?"

"हो मावशी," मी म्हणाले. एवढंच.

तासाभरानं जिन्यात त्यांचा आवाज ऐकला. फोनवर धाकटी जाऊ होती, दोन केमो झालेली. "त्या सुया बंद कर बाई. कपिलतीर्थ मंडईतनं कोबी आण, रस काढून पी."

माझे हातपाय गार पडले.

मावशींना स्टुलावर बसवलं, प्लेट पुन्हा हातात दिली. रंग फिका म्हणजे पेशी मेल्याच असं नाही, वाढ नुसती थांबली तरी तो फिका दिसतो. त्यात मी १०० मायक्रोमोलरच्याही वर, म्हणजे फारच मोठ्या डोसपर्यंत गेले होते. खाल्लेलं इंडोल-३-कार्बिनॉल पोटातल्या आम्लात बदलून त्याचं मुख्यतः डीआयएम नावाचं दुसरं रसायन होतं, आणि भाजी खाऊन तेही रक्तात माझ्या डोसच्या जवळपास जात नाही. म्हणजे मी जे पेशींवर ओतलं, ते त्या रूपात गाठीपर्यंत पोचतच नाही. शेवटची ओळ दाखवली: कॅन्सर नसलेल्या पेशी. मोठ्या डोसला त्याही फिक्या. ही ओळ सकाळी मी स्वतःच नीट पाहिली नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

मावशी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिल्या. "मग तुमी हो का म्हणाला?"

"चुकलं माझं. फोन लावा, मीच बोलते."

जाऊबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. पुढची केमो गुरुवारी होती. रस नको, सुई चुकवू नका, मनात काही असेल तर डॉक्टरांनाच विचारा, असं सांगितलं. त्या दबकत म्हणाल्या, "पण कोबी खाल्ला तर चालंल न्हवं?"

"खा की. स्वच्छ धुऊन, नीट शिजवून, भाकरीबरोबर."

गुरुवारी मावशींनी रजा घेतली. जावेबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या.