माझं कृपादान कोणतं, हे ओळखू कसं?

कृपादान म्हणजे इतरांच्या सेवेसाठी देवानं दिलेली देणगी. सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली तरुण मुलं हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

इंटरनेटवरची प्रश्नावली आधी भरू नका. तिथं आपण जसे आहोत ते कमी आणि जसं व्हायला आवडेल तेच जास्त भरलं जातं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय वाचा: देवाचा संदेश सांगणं, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. यादी इथंच संपत नाही, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात निराळी आहे. निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देवानं आपल्या आत्म्यानं भरलेला म्हणून ज्याचं नाव घेतलं, तो बसालेल तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड घडवणारा कारागीर. मिरजेत तंबोरे घडताना पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. उपजत कला बाप्तिस्म्यानं टाकाऊ होत नाही. नारायण वामन टिळक आधीपासूनच कवी होते. 1895 साली बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी अभंग सोडला नाही, ख्रिस्ताला वाहिला.

आता वही घ्या. वर्षभरात घरी, कामावर, मंडळीत केलेली वीसेक कामं लिहा. कुणी न सांगता केलेल्यांवर एक खूण, दमूनही पुन्हा करावंसं वाटलेल्यांवर दुसरी. तिसरी खूण उपयोगाची, आणि ती तुम्ही करायची नाही. घरचे आणि जिवलग सोडून तिघांना विचारा, 'माझ्या कुठल्या कामाचा तुम्हाला उपयोग झाला?' 'मी बरा गातो का?' असं विचारलंत तर सगळे होच म्हणणार.

तिन्ही खुणा असलेलं एकच काम तीन महिने करा. शिकवणं असेल तर शब्बाथशाळेचा, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल-शाळेचा, एकच वर्ग; अर्ध्या तासाच्या पाठाला दोन तास तयारी धरा. दया असेल तर मिरजेच्या दवाखान्यांत कामाला तोटा नाही. कर्नाटकातून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना कानडी बोलणारं, औषधाचं दुकान दाखवणारं माणूस हवं असतं. रुग्णाजवळ पंधरा मिनिटांवर बसू नका, विचारल्याशिवाय प्रार्थना करू नका, उपचारांवर सल्ला तर देऊच नका.

बिघडतं बहुधा एकाच ठिकाणी. पेटी वाजवणाऱ्यालाच खजिनदार करतात, नाताळचा कार्यक्रमही त्याच्याच गळ्यात. तो 'नाही' म्हणत नाही आणि दोन वर्षांत उपासनेलाही येईनासा होतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात प्रेषितांनी, म्हणजे येशूनं पाठवलेल्या शिष्यांनी, अन्नवाटप स्वतःकडे घेतलं नाही, सात जण निवडून त्यांच्याकडे दिलं. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, हा अध्याय अधूनमधून वाचावा, असं माझं मत. उलट टोकाची पळवाटही आहे: 'दान देणं हे माझं कृपादान नाही.' देणं आणि पाहुणचार सगळ्यांनाच सांगितलाय. एखाद्याला त्याची विशेष हातोटी असते, इतकंच.

तीन महिन्यांनी जमत नाही असं दिसलं तर पाळकांना स्पष्ट सांगा, हजेरीपट आणि वर्गाची किल्ली परत करा, वहीतलं पुढचं काम घ्या. न सांगता गैरहजर मात्र राहू नका. पोरं वर्गात वाट बघत बसतात.