जुन्या पुराचे छायाचित्र आणि ‘लपवा’ची चौकट

पावसाळ्यात आमच्या वृत्तसंकेतस्थळावर सर्वांत जास्त उघडली जाणारी बातमी जेमतेम चार ओळींची असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंचांवर आहे, कोल्हापूर जिल्ह्यातले किती बंधारे पाण्याखाली गेले आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, एवढेच तिच्यात असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. म्हणून ही बातमी डेस्कवर कोणी नव्याने लिहीत नाही. आदल्या बातमीची प्रत काढायची, आकडे बदलायचे आणि प्रसिद्ध करायची, अशी पद्धत आहे. मी या संकेतस्थळाची तांत्रिक बाजू सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात या चार ओळींवरून जे घडले, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या सकाळी पाणी इशारा पातळीच्या बरेच खाली होते. बातमी प्रसिद्ध झाली, नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲपवर गेली आणि थोड्याच वेळात कार्यालयातला फोन वाजू लागला. पहिला फोन मीच घेतला. पलीकडे दुधाचा टेम्पो चालवणारे गृहस्थ होते. “सायेब, शिरोलीपाशी हायवे बंद झालाय न्हवं? फोटूत तर ट्रकची चाकं बुडाल्यात. मी किणीच्या नाक्यावर थांबलोय, फुडं येऊ का माघारी फिरू?” महामार्ग सुरू होता, रस्त्यावर पाण्याचा थेंबही नव्हता. मी त्यांना तसे सांगितले आणि त्यांच्याकडे आलेला संदेश मागवून घेतला. दुवा पाठवला की संदेशात चित्र आणि मथळ्याचे जे कार्ड दिसते, त्यावर मथळा ताजा होता, ‘पंचगंगेच्या पातळीत वाढ’. त्याच्यावर मात्र २०१९ च्या ऑगस्टमधले छायाचित्र होते: शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला पुणे-बंगळूर महामार्ग आणि ट्रकची अडकून पडलेली रांग. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ज्यांनी तो पूर पाहिला आहे, त्यांना असे छायाचित्र दिसल्यावर मथळा वाचण्याचे भान राहत नाही.

मी बातमीचे पान उघडले, तर तिथे छायाचित्र नव्हतेच. पहाटेच्या पाळीतल्या उपसंपादक मॅडमना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, “जुना फोटो आहे हे मला दिसलं होतं, म्हणून मी ‘मुख्य छायाचित्र लपवा’वर खूण केली. प्रीव्ह्यू पाहिला, फोटो गेला होता, मग बातमी सोडली.” त्यांनी जे करायचे ते सगळे केले होते. डेस्कवरच्या सर्वांत दक्ष माणसांपैकी त्या एक आहेत. त्या दिवशी काही सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते मला मुळीच आवडले नाही.

गडबड त्या चौकटीत होती. आमचे संकेतस्थळ ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालते, तिच्यात बातमीला जोडलेले मुख्य छायाचित्र, ज्याला तिथे फीचर्ड इमेज म्हणतात, ते एकाच जागी दिसण्यासाठी नसते. मुखपृष्ठावरच्या यादीत ते दिसते, बातमीच्या माथ्यावर दिसते, मोबाइलवर जाणाऱ्या सूचनेत दिसते आणि दुवा कोणी पुढे पाठवला की ओपन ग्राफच्या ओळीतून, म्हणजे दुव्याच्या कार्डावर काय दाखवायचे हे सांगणाऱ्या पानातल्या छुप्या ओळीतून, उचलले जाऊन त्या शेअर कार्डवरही दिसते. यांतली प्रत्येक जागा ते आपापल्या वाटेने मागवते. आमच्याकडे ‘लपवा’ची सोय आली तीच मुळी निराळ्या कारणाने. वार्ताहर बातमीच्या मजकुरातही तेच छायाचित्र टाकत आणि पानावर ते लागोपाठ दोनदा दिसे. ही अडचण घालवण्यासाठी संकेतस्थळ बनवून देणाऱ्या एजन्सीने एक चौकट दिली आणि तिच्यामागे सीएसएसची, म्हणजे पान कसे दिसावे हे ठरवणाऱ्या कोडची, एकच ओळ ठेवली. ती ओळ छायाचित्र काढत नाही, डोळ्यांआड करते, आणि तेही फक्त बातमीच्या पानावर. चित्राची फाइल वाचकाच्या फोनवर उतरतेच. म्हणजे आंबेवाडी किंवा प्रयाग चिखलीसारख्या पूरग्रस्त गावांत भर पावसात अर्ध्या रेंजवर पातळी पाहू पाहणाऱ्या माणसाला न दिसणारे चित्रही आधी उतरवून घ्यावे लागत होते. एखाद्या चौकटीवर ‘लपवा’ असे लिहिले असेल, तर वापरणाऱ्याने त्या शब्दावर विश्वास ठेवावा हेच रास्त आहे. ज्याने तो शब्द लिहिला, त्याने तो खरा करून द्यायला हवा होता.

मग छायाचित्र बातमीवरून काढूनच का टाकले नाही, असे कोणी विचारील. तसे केले की मुखपृष्ठाच्या यादीत राखाडी रिकामा चौकोन पडत असे आणि तो दिसला की वरून विचारणा होई. त्यामुळे ‘मुख्य छायाचित्राशिवाय बातमी सोडायची नाही’ असा दंडक डेस्कवर रुजला होता. त्यात प्रत काढली की मजकुराबरोबर छायाचित्राची जोडणीही पुढे सरकते. २०१९ चा महामार्ग असा वर्षानुवर्षे बातमीमागून बातमीला चिकटत आला होता.

त्या दिवशी करण्यासारखे होते ते आम्ही केले. जुने छायाचित्र काढून इशारा आणि धोका पातळीच्या रेघा दाखवणारा साधा फलक लावला. सर्व्हरवरची साठवलेली पाने पुसली आणि फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये दुवा घालून कार्ड नव्याने वाचायला लावले. व्हॉट्सॲपपुढे मात्र इलाज चालत नाही. तिथले कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि चित्र संदेशाबरोबर निघून जाते. संकेतस्थळावर नंतर काहीही बदलले तरी गेलेला संदेश बदलत नाही. आम्ही आमचा संदेश सर्वांसाठी डिलीट केला, पण जो पुढे गेला होता तो तसाच फिरत राहिला. संध्याकाळपर्यंत फोन येत होते. पुण्याहून एसटीने निघालेल्या मुलीचे वडील, हॉस्पिटलची तारीख असलेले कागलचे एक कुटुंब, अशी माणसे विचारत होती आणि आम्ही प्रत्येकाला महामार्ग सुरू असल्याचे सांगत होतो.

नंतरच्या बैठकीत वरिष्ठांचे म्हणणे असे होते की फोटोओळीत ‘संग्रहित छायाचित्र’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. छापील पानावर तो मिटतोही, कारण तिथे ओळ छायाचित्राला चिकटलेली असते. शेअर कार्डवर छायाचित्र जाते, मथळा जातो, फोटोओळ मागेच राहते. हे समजावून सांगण्यात माझा बराच वेळ गेला आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनीच आपली बातमी वाचकाच्या फोनवर कशी दिसते हे कधी पाहिले नव्हते, याचे मला वाईट वाटले.

मी ‘लपवा’ काढून टाकले. आता ‘यादीत दाखवा’, ‘बातमीच्या माथ्यावर दाखवा’ आणि ‘शेअर कार्ड व सूचनेत दाखवा’ अशा तीन स्वतंत्र चौकटी आहेत. खूण नसेल तिथे चित्राचा कोड पानात उमटतच नाही, कारण अडवणूक आता सीएसएसमध्ये नाही, वर्डप्रेस ते चित्र पानाला देते त्या टप्प्यावरच आहे. शेअर कार्ड रिकामे राहू नये म्हणून अशा वेळी मथळा आणि बातमीची वेळ असलेला साधा फलक जातो. यादीत राखाडी चौकोनाऐवजी नुसता मजकूर दिसतो. प्रत काढताना छायाचित्र मागे राहते.

खरी कसोटी लागली ती छायाचित्राच्या तारखेवर. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फाइलमध्ये टिपल्याची वेळ असते आणि वर्डप्रेस ती वाचूनही घेते. पण आमची बहुतेक छायाचित्रे वार्ताहरांकडून व्हॉट्सॲपवरून येतात आणि त्या प्रवासात ही माहिती गळून पडते. फाइल चढवल्याची तारीख म्हणजे छायाचित्राची तारीख नव्हे. म्हणून पूर, धरणे आणि रस्ते या विभागांत ‘छायाचित्र कधी टिपले’ हा रकाना मी सक्तीचा केला आहे. छायाचित्र ठरलेल्या मुदतीपेक्षा जुने असेल, तर ते शेअर कार्डवर जात नाही. २०१९ च्या पुराच्या आठवणी सांगणाऱ्या लेखासाठी संपादक ही अट स्वतः उठवू शकतात, कारण तिथे ते छायाचित्र हवेच.

ती मुदत किती असावी, यावर आमचे अजून जुळलेले नाही. वृत्तसंपादक २४ तास म्हणतात. छायाचित्र नसलेली बातमी कमी उघडली जाते आणि गूगल डिस्कव्हरसाठी, म्हणजे गूगल फोनवर आपणहून सुचवते त्या बातम्यांच्या यादीसाठी, किमान १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र हवे, हे त्यांचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण धरणातून विसर्ग वाढला की सकाळी कोरडा दिसणारा रस्ता संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. मग सकाळचे कोरड्या रस्त्याचे छायाचित्र पाहून कोणी घराबाहेर पडले, तर ती चूक त्या दिवशीच्या चुकीपेक्षा जास्त घातक ठरेल. मी सहा तासांची मुदत मागितली आहे. पातळी ३९ फुटांवर गेल्यावर शेअर कार्डवर छायाचित्र न देता फक्त आकडा आणि वेळ द्यावी, हा प्रस्तावही त्याच टिपणात लिहून दिला आहे.